बांधीव वाटाड्या, सुटा वाटाड्या

बेडशाची लेणी पूर्वाभिमुख आहेत. शेजारची कार्ल्याची आणि भाज्याची लेणी पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे ती पाहायला दिवस कलल्यावर गेले तरी चालते. बेडशाला मात्र सकाळीच पोहोचावे लागते. उन्हे तिरपी असताना चैत्यगृहाच्या ओसरीतले उंच खांब, त्यांच्या माथ्यावरचे घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर स्वार झालेली जोडपी जशी दिसतात, तशी ती नंतर दिसत नाहीत. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही अध्यापकमंडळी दोन गाड्या घेऊन मुंबईहून भल्या पहाटे निघालो, ती हाच हिशेब मनाशी धरून. एक गाडी साडेआठच्या सुमारास पायथ्याशी पोहोचली. दुसरी आली तेव्हा दहा वाजून गेले होते आणि ऊन ओसरीबाहेर सरकले होते.

हा उशीर कोणाच्या झोपेमुळे झाला नव्हता. पहिल्या गाडीत वाट दाखवायला एक साधा मोबाइल होता, काचेला चिकटवलेला. दुसरी गाडी नवी नसली तरी किमतीची होती, आणि तिच्या डॅशबोर्डमध्येच नकाशाचा पडदा बसवलेला होता. परतीच्या वाटेवर चहा पिताना या दोन वाटाड्यांवरून आमच्यात जो वाद झाला, तो पुढे पुष्कळ दिवस चालला. गाडीत बांधून येणारे यंत्र बरे की हातात धरता येणारे सुटे यंत्र बरे, असा तो वाद. वरवर पाहता हा मोटारी विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी सोडवायचा प्रश्न आहे. साहित्याच्या अध्यापकांनी त्यात पडण्याचे कारण नाही. पण वाद जसजसा वाढत गेला तसतसे आमच्या लक्षात आले, की आपण यंत्रांविषयी कमी आणि वाट सांगण्याच्या भाषेविषयी जास्त बोलत आहोत. म्हणून हा लेख.

आधी घडले ते सांगतो. बांधीव यंत्राच्या यादीत 'बेडसे' हे नावच नव्हते. तेव्हा आमच्या मित्रांनी पडद्यावर डोंगर शोधून त्याच्यावर बोट टेकवले आणि यंत्राला सांगितले, इथे ने. त्या जुन्या नकाशात गावाकडे जाणारा रस्ता नोंदलेला नव्हता. त्यामुळे यंत्राने त्या बिंदूच्या जवळात जवळचा, आपल्याला ठाऊक असलेला रस्ता निवडला. तो निघाला द्रुतगती महामार्ग! लोणावळ्याला उतरून जुन्या रस्त्याने कामशेतला यावे आणि तिथून पवनानगरच्या वाटेला लागावे, हा साधा मार्ग सोडून गाडी तशीच पुढे गेली. कामशेतच्या बोगद्यांच्या आसपास यंत्राने मोठ्या अदबीने जाहीर केले की आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात. डोंगर दिसत होता. पण द्रुतगती महामार्गावर थांबायला मनाई आणि कामशेतला उतरायला वाट नाही. पुढे तळेगावपाशी उर्से येथे बाहेर पडून, वडगावमार्गे उलटे फिरून मंडळी कामशेतला आली.

सुट्या यंत्राचेही फार कौतुक करण्याजोगे नव्हते. त्याला 'बेडसे' ठाऊक होते, कामशेतचे वळणही त्याने नीट सांगितले. पण पवनेच्या खोऱ्यात शिरल्यावर रेंज गेली, पडद्यावरचा नकाशा पुसट होऊन करडा पडला आणि एका कच्च्या वाटेने त्याने आम्हांला रिकाम्या भातखाचराच्या बांधाशी आणून सोडले. तिथे सरपणाची मोळी बांधत असलेल्या एका मावशींनी आमच्याकडे पाहिले आणि न विचारताच म्हटले, "लेण्याला जायाचं ना? मग हिकडं कशाला आला? मागं फिरा, शाळेवरनं वरच्या अंगाला जावा." आम्ही मागे फिरलो.

आता थोडे या यंत्रांच्या कुळाविषयी. पुष्कळांची अशी समजूत असते की आधी उपग्रह आले आणि मग गाडीत नकाशे आले. वस्तुस्थिती तशी नाही. होंडा कंपनीने १९८१ साली जपानमध्ये मोटारीत बसवायचे जे वाटदर्शक यंत्र आणले, त्याचा आकाशाशी काहीही संबंध नव्हता. गाडी किती वळली हे एक वायुभारित जायरोस्कोप सांगे, किती अंतर गेली हे चाके सांगत, आणि पारदर्शक पट्टीवर छापलेल्या नकाशामागे एक ठिपका सरकत राही. निघण्याची जागा चालकाने स्वतः जुळवून द्यायची. १९८५ साली कॅलिफोर्नियात 'ईटॅक' नावाचे यंत्र आले. त्याचे नकाशे कॅसेटवर असत. हे नाव प्रशांत महासागरातल्या बेटांवरील दर्यावर्द्यांच्या एका कल्पनेवरून घेतले होते. त्या कल्पनेत होडी स्थिर असते आणि बेटे तिच्या बाजूने मागे सरकत जातात. आजच्या पडद्यावर आपली गाडी मधोमध स्थिर असते आणि गावे खाली सरकत जातात, ते त्याच कल्पनेचे चित्र म्हणता येईल.

उपग्रहांचा उपयोग करणारे यंत्र मोटारीत आले ते १९९०च्या आसपास, पुन्हा जपानमध्येच. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ साली पूर्ण झाली. तिच्या चोवीस किंवा अधिक उपग्रहांपैकी निदान चार आकाशात दिसत असले की जमिनीवरचे ठिकाण काढता येते. पण नागरी वापरासाठीच्या संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे; ती शंभर मीटरपर्यंतही असे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ही भेसळ बंद झाली. शंभर मीटरची चूक म्हणजे या गल्लीऐवजी पलीकडची गल्ली. ती गेल्यावरच खिशात मावणाऱ्या यंत्राला खरा अर्थ आला. २००४ साली टॉमटॉमचे 'गो' हे काचेला लावायचे यंत्र युरोपात आले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडेही मॅपमायइंडियासारख्या कंपनीची सुटी यंत्रे दिसू लागली. पुढे मोबाइलने त्यांना गिळून टाकले. आज आपल्याकडे 'सुटे यंत्र' म्हणजे बहुतेक वेळा मोबाइलच.

या इतिहासातून एक मर्म हाती लागते. बांधीव यंत्र मुळात जमिनीला लागून जन्मले. चाक किती फिरले, गाडी कुठे वळली हे त्याला आतून कळते. सुट्या यंत्राला चाकांची खबर नसते. ते आकाशाकडे पाहून आपली जागा ठरवते. म्हणूनच द्रुतगती महामार्गावरच्या भाताण, माडप, खंडाळा या बोगद्यांत उपग्रह दिसेनासे झाले की मोबाइलवरचा बाण गांगरतो, थबकतो, बाहेर पडल्यावर एकदम उडी मारतो. चांगले बांधीव यंत्र मात्र चाके आणि जायरोस्कोप यांच्या जोरावर अंधारातही बहुधा नीट हिशेब ठेवते. पूर्वी खलाशी वेग, दिशा आणि वेळ यांवरून जहाजाचे ठिकाण मांडत, तोच हा प्रकार.

बांधीव यंत्राच्या बाजूने एवढेच म्हणता येते असे नाही. त्याचा नकाशा त्याच्या पोटातच असतो, त्यामुळे रेंज गेल्याने त्याचे अडत नाही. (इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उपग्रहांचे संकेत मिळायला मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घेण्यासाठी. तो घरीच उतरवून घेतला असता तर आम्ही खाचराच्या बांधाशी गेलो नसतो. ही चूक यंत्राची कमी आणि आमची जास्त.) शिवाय जुन्या पद्धतीचे बांधीव यंत्र फक्त ऐकते, उपग्रहांना ते काही सांगत नाही आणि तुम्ही कुठे गेलात हे कोणाला कळवत नाही. मोबाइल मात्र वाट दाखवता दाखवता आपल्या धन्याला आपला सगळा प्रवास सांगत असतो. नव्या, सदैव जाळ्याशी जोडलेल्या गाड्यांनीही आता हाच गुण उचलला आहे, हा भाग वेगळा. आमच्यातले जे मित्र बांधीव यंत्राचे कैवारी आहेत त्यांचा हा मुद्दा आम्हांला बिनतोड वाटतो.

तरीही आमचा कौल सुट्या यंत्राला आहे, आणि त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण बेडशाच्या पायऱ्यांनीच दिले. गाडीचा रस्ता संपतो तिथून लेण्यापर्यंत सुमारे चारशे पायऱ्या आहेत. बांधीव यंत्र पायथ्याशी कुलूपबंद गाडीत राहते. त्याच्या दृष्टीने गाडी पोहोचली म्हणजे माणूस पोहोचला. गाडीपुरते ज्ञान गाडीपाशीच संपते, यात त्याचा दोष नाही. पण आपल्याला जिथे जायचे असते अशा पुष्कळ जागा रस्ता संपल्यावर सुरू होतात. हे ज्ञान विकण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे बांधीव नकाशा बहुधा गाडीच्या महाग प्रकारांतच मिळतो, म्हणजे वाट कळण्यासाठी आधी मोठी गाडी घ्यायची. टेम्पोवाल्याच्या, दूधवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या खिशात जे यंत्र आहे ते सुटे आहे.

दुसरे कारण दुरुस्तीचे. बांधीव नकाशा गाडी बनली त्या वर्षी थिजतो. नवी आवृत्ती घ्यायची तर विक्रेत्याकडे जा, पैसे मोजा, आणि मग त्यातही बेडसे नसेल तर कोणाला विचारायचे? सुट्या यंत्राचा नकाशा निदान तत्त्वतः तरी सर्वांना खुला असतो. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप'वर कोणीही रस्ता काढू शकतो, नाव लिहू शकतो. गूगलने २००८ साली 'मॅप मेकर' सुरू केला, त्यावर आपल्या देशातल्या असंख्य लोकांनी आपापली गावे भरली. तो २०१७ साली बंद झाला, पण दुरुस्ती सुचवण्याची सोय राहिली. आपल्या सरकारने नकाशांवरची बंधने फेब्रुवारी २०२१ मध्ये बरीच सैल केली. ज्या देशात सर्वेक्षण विभाग १७६७ पासून आहे आणि तरीही तपशीलवार नकाशा हाती येणे सामान्य माणसाला दुष्प्राप्य होते, तिथे हा बदल लहान नव्हे. गावाचे नाव काय आणि गावाला वाट कुठून, हे सांगण्याचा पहिला हक्क गावकऱ्यांचा आहे. ज्या यंत्रात तो हक्क बजावण्याची थोडीफार तरी फट आहे, ते यंत्र आम्ही पसंत करतो.

तिसरे कारण भाषेचे. आणि इथे दोन्ही यंत्रे सारखीच उणी पडतात. फरक एवढाच, की सुटे यंत्र बाजूला ठेवता येते.

आम्ही गाडीत बसून 'बेडसे' टंकले तेव्हा रोमन लिपीत कसे लिहायचे यावर मतभेद झाले. शेवट 'ए'ने करावा की 'आ'ने? कार्ले इंग्रजीत 'कार्ला' झाले, भाजे 'भाजा' झाले, तसे बेडसेही अनेक ठिकाणी 'बेडसा' झालेले आढळते. आमचा तर्क असा, की साहेबाने हे नाव ऐकले ते प्रथमेत ऐकले नसावे. गावकरी 'कार्ल्याला', 'भाज्याची', 'बेडशाच्या' असेच बोलणार. त्या सामान्यरूपातला आकार पकडून साहेबाने आपले नाव बनवले असावे. तर्क चुकीचा असेल. पण एवढे खरे की मराठीत गावाचे नाव सुटे, कोरे असे क्वचितच उच्चारले जाते. आपण गावाला जातो, गावाहून येतो, गावावरून जातो, गावापाशी थांबतो. यंत्राला फक्त प्रथमा ठाऊक आहे. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये त्याच्या व्याकरणात नाहीत. मावशींचे वाक्य पाहा: 'शाळेवरनं', 'वरच्या अंगाला'. त्या पाच-सहा शब्दांत उतार कुठे, चढ कुठे, खूण कोणती, हे सारे आले. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' या वाक्यात अंतर अचूक आहे, पण जागा नाही.

मराठी गद्याने वाट सांगण्याची ही विद्या फार पूर्वी कमावली होती. महानुभावांची 'स्थानपोथी' साहित्याच्या विद्यार्थ्याला नावाने तरी ठाऊक असते. ती वाचली जाते ती बहुधा भाषेच्या इतिहासासाठी. पण ती मुळात आहे काय? चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, निजले, ती स्थाने पुढच्या अनुयायांना सापडावीत म्हणून केलेली ती नोंद आहे. गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाच्या दाराचे तोंड कुठे, तिथून आणखी कोणत्या बाजूला, अशा क्रमाने तो ग्रंथ माणसाला त्या स्थानाच्या अगदी जवळ नेऊन उभा करतो. त्यात एका खुणेचा दुसऱ्या खुणेशी संबंध सांगितलेला असतो. खूण मोडली तर वाट हरवते, हे त्या पद्धतीचे दुबळेपण. पण खुणा वाचायला शिकलेला माणूस परिसर वाचायला शिकतो, हे तिचे बळ.

इथे मात्र आम्हांला आमच्याच उत्साहाला लगाम घालावा लागतो. 'पूर्वी माणसे माणसांना वाट विचारीत, आता यंत्राला विचारतात' असा सुस्कारा टाकणारे लेख आपण पुष्कळ वाचले आहेत, आम्हीही एखादा लिहिला असेल. पण 'वाटाड्या' या गोड शब्दाचा इतिहास गोड नाही. गावात आलेल्या अंमलदाराला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाट दाखवणे, त्याचे ओझे वाहणे, ही महारांवर लादलेली वतनी कामे होती. रात्री-अपरात्री, पावसात, हातचे काम टाकून निघायचे. नाही म्हणण्याची सोय नाही. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गाव-वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ उजाडावे लागले. गावाच्या साऱ्या वाटा, शिवा आणि खुणा ज्याला पाठ होत्या, त्याच्या त्या ज्ञानाची किंमत ही अशी होती. यंत्राने माणसाला या राबणुकीतून मोकळे केले असे नव्हे; ते लढ्याने आणि कायद्याने झाले. पण वाट सांगणे हे आता कोणाच्या जन्मावर लिहिलेले काम नाही, ही गोष्ट चांगली आहे, आणि यंत्राला हसताना ती विसरता कामा नये. मावशींनी आम्हांला वाट सांगितली ती त्यांची मर्जी होती. त्यांनी मान फिरवली असती तरी आम्हांला तक्रारीला जागा नव्हती.

म्हणून 'यंत्र नको, माणसालाच विचारू' हे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की यंत्र असे असावे जे बाजूला ठेवता येईल. साहित्याच्या विद्यार्थ्याला 'गाईड' हा शब्द वेगळ्याच अर्थाने ठाऊक असतो. परीक्षेचे गाईड उत्तरापर्यंत नेते. मूळ पुस्तक उघडण्याची गरजच ठेवत नाही. पण तेच गाईड एखाद्या हुशार मुलाच्या हातात असले तर तो अडलेला शब्द पाहून ते मिटतो आणि पुन्हा कवितेकडे वळतो. प्रश्न गाईड वाईट की चांगले हा नसून ते मिटता येते की नाही हा आहे. डॅशबोर्डातला पडदाही बंद करता येतो हे आम्हांला माहीत आहे. पण जे गाडीच्या कण्यातच बसवले आहे ते बंद करणे माणसाला जिवावर येते. आता तर सुट्या मोबाइलचाच नकाशा गाडीच्या पडद्यावर उमटतो, आणि बांधीव-सुटे हा भेद पुसट होत चालला आहे. नेमकी म्हणूनच ती निवड समजून करावी असे आम्हांला वाटते.

या खोऱ्यात नकाशावाचून, पण डोळे उघडे ठेवून हिंडणाऱ्यांची परंपरा आहे. दामोदर कोसंबींनी ही लेणी जुन्या व्यापारी वाटांच्या संदर्भात मांडली, ती मावळच्या वाटा पायांखाली घालून. तळेगावला राहणाऱ्या गोनीदांनी 'पवनाकाठचा धोंडी'त ज्या पवनाकाठाची माणसे उभी केली, त्यातला बराच काठ पुढे धरणाच्या पाण्याखाली गेला. उपग्रहाला तिथे निळा रंग दिसतो. त्या पाण्याखालच्या वाटा कुठे जात होत्या, हे शोधायला कादंबरीकडेच यावे लागते.

आणि शेवटी बेडशाच्या ओसरीत जे कोरलेले आहे ते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पुसणक नावाच्या दात्याने, आनंद श्रेष्ठीच्या मुलाने, इथे दान दिले. त्याच्या लेखाचा पहिलाच शब्द आहे 'नासिकतो', म्हणजे नाशिकहून. आपले नाव, बापाचे नाव, दान, या सर्वांच्या आधी त्याने आपण कुठून आलो ते सांगितले, आणि तेही पंचमीत. नाशिकहून बेडशाला तो कोणत्या वाटेने आला, किती दिवसांत आला, वाट त्याला कोणी दाखवली, हे त्याने लिहिलेले नाही.

उशिरा आलेल्या मित्रांना आम्ही तो लेख दाखवला तेव्हा ऊन गेलेले होते आणि अक्षरे नीट लागत नव्हती. त्यांच्यापैकी एकाने खिशातून मोबाइल काढला, त्याचा दिवा अक्षरांवर तिरपा धरला आणि वाचायला सुरुवात केली. बांधीव यंत्राचे कट्टर कैवारी ते हेच. आम्ही काही बोललो नाही.

पुन्हा जाऊ तेव्हा नकाशा घरूनच उतरवून नेऊ, कामशेतला जुन्या रस्त्यावरूनच वळू, आणि गाव आले की यंत्र खिशात टाकून विचारू. विचारताना 'बेडसे कुठे आहे' असे न म्हणता 'लेण्याला कुठून जायचं' असे विचारू.